बाजार खाली-वर होतोय, संधी कुठाय? आधी घरातलं बियाणं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीजवळचे एक भाऊ आहेत, वय ३४, ६ एकर कोरडवाहू शेती, घरी आई-बाबा, बायको, दोन लेकरं. तुरीचे, सोयाबीनचे अन् रस्त्यात गेलेल्या पाऊण एकराच्या मोबदल्याचे मिळून ६ लाख रुपये बँकेत पडून आहेत. ते म्हणतात, टीव्ही लावला की कधी युद्ध, कधी टॅरिफ (आयातीवरचा कर), शेअर बाजार एका दिवशी हजार पॉइंट वर अन् दुसऱ्या दिवशी खाली, सगळे म्हणतात पडत्या बाजारातच संधी असते, मग ती ओळखायची कशी, का सगळं शांत होईपर्यंत थांबू? अन् गावातले दोन मित्र ऑप्शन करतात, म्हणजे शेअर बाजार वर जाईल का खाली यावर पैज लावल्यासारखे सौदे, ते म्हणतात रोजचे दोन-तीन हजार सुटतात, ते करू का?

भाऊ, आधी माझं सांगतो म्हणजे तुम्हाला माझ्या बोलण्याचं वजन करता येईल. मी दारव्ह्याला २००३ पासून म्युच्युअल फंडाचं काम करतो, वितरक आहे, तुम्ही माझ्यामार्फत फंड घेतला तर मला त्यावर कमिशन मिळतं, मधे वितरक न ठेवता सरळ फंड कंपनीकडून डायरेक्ट प्लॅन घेतला तर मिळत नाही अन् तुमचा खर्च तेवढा कमी होतो. कोणता शेअर घ्या हे मी सांगत नाही, त्यासाठी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी असलेला सल्लागार लागतो. पण २००८ ची पडझड पाहिली, २०२० ची पाहिली, लोकांचे पैसे वाढताना पाहिले अन् बुडतानाही, त्यातून जे कळलं ते मनापासून सांगतो.

तुम्ही सोयाबीन विकता तेव्हाचं आठवा. ऑक्टोबरात सोंगणी झाली की काढणीवाल्याचे पैसे द्यायचे, दिवाळी तोंडावर, हरभऱ्याचं बी-खत आणायचं, सोसायटीचं कर्ज उभं, म्हणून ओलं-सुकं जसं असेल तसं पोत्यात भरून सगळेच एकदम बाजारात नेतात अन् भाव पडतो. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ५,३२८ असून खाजगीत त्याच्या कितीतरी खाली विकलं लोकांनी. माल खराब होता म्हणून नाही, विकणाऱ्याला थांबायला जागा नव्हती म्हणून. अन् त्या दिवशी संधी कोणाची होती? ज्याच्या गल्ल्यात पैसा होता अन् ज्याला घाई नव्हती त्याची. शेअर बाजारात पडझड होते तेव्हा बहुतेक विक्री अशीच असते. कोणी कर्ज काढून शेअर घेतलेले असतात, भाव पडला की ब्रोकर मार्जिन, म्हणजे हमी म्हणून जास्तीचे पैसे मागतो, नाही दिलं की तोच विकून टाकतो. कोणाला घरात पैसा लागतो. फंडातून लोक पैसे काढायला लागले की फंड मॅनेजरलाही विकावंच लागतं, त्याच्या मनात असो नसो. म्हणून संधी कुठं आहे हे विचारण्याआधी आपण त्या दिवशी विकणाऱ्यांच्या रांगेत असू का घेणाऱ्यांच्या, हे बघायला पाहिजे, अन् ते बाजारावर नाही, आपल्या घरातल्या हिशेबावर ठरतं.

२३ मार्च २०२० चा दिवस मला आजही तसाच्या तसा आठवतो. आदल्या दिवशी जनता कर्फ्यू झालेला, सोमवारी बाजार उघडला अन् तासाभरात १० टक्के पडून ४५ मिनिटं बंद पडला, पुन्हा उघडला तर अजून खाली, दिवसअखेर सेन्सेक्स (३० मोठ्या कंपन्यांच्या भावावरून काढलेला बाजाराचा आकडा) ३,९३५ पॉइंट म्हणजे १३ टक्के पडून २५,९८१ वर. जानेवारीत तोच ४२ हजाराच्या आसपास होता. दुपारी एका निवृत्त मास्तरांचा फोन आला, जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलेलं, "भाऊ, सारं बुडते का जी आता?" मी म्हटलं मास्तर, पेन्शन चालू आहे, घर तुमचं आहे, हे पैसे पुढच्या पाच वर्षांत लागणार नाही असं तुम्हीच म्हणाला होता. ते बराच वेळ बोलले नाही, मला फोनमधे त्यांच्या आंगणातला पाखरांचा आवाज येत होता, मग म्हणाले, "राहू द्या तं मग." दुसरा फोन कापडाच्या दुकानदाराचा. दुकान बंद, पोराचं पुण्याचं भाडं द्यायचं, बँकेत दीड महिन्याचाही खर्च नाही, सगळी बचत इक्विटी फंडात, म्हणजे शेअरमधे. त्यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळं काढलं. त्याच वर्षी डिसेंबरात सेन्सेक्स ४७ हजारांवर गेला. त्या दुकानदाराला कोणी भित्रा म्हणू नका, तो मास्तरांपेक्षा जास्त हिशेबी माणूस, त्याच्याकडे फक्त बाजूला ठेवलेला पैसा नव्हता. अन् ती चूक माझीही, बाजूला पैसा ठेवा हे मी त्याला ठासून सांगायला पाहिजे होतं, तेव्हापासून मी नवीन माणसाला पहिल्याच भेटीत तेच विचारतो.

आता तुमच्या ६ लाखाकडे येऊ.

तुम्ही बियाणं आणता तेव्हा एखादी थैली जास्तीची ठेवता, का, तर जूनमधे पेरलं अन् पावसानं पंधरा दिवस डोळे वटारले तर दुबार पेरणी करता यावी. पैशातही तीच थैली आधी बाजूला काढा. एका हंगामाचा पूर्ण खर्च, दुबार पेरणीचं बी, अन् सहा महिन्यांचा घरखर्च. तुमच्या घरचा अंदाज धरला तर साधारण २ लाख. हे बँकेत, एफडीत किंवा लिक्विड फंडात (पाहिजे तेव्हा एक-दोन दिवसांत पैसा परत देणारा फंड), वाढीचा विचारच करायचा नाही. एक गोष्ट मात्र बघा, बँकेतल्या ठेवीला एका बँकेत एका माणसामागे व्याज धरून ५ लाखापर्यंत विमा आहे, फेब्रुवारी २०२० च्या आधी तो १ लाखच होता. सहकारी बँकेला तो लागू आहे पण पतसंस्थेला नाही. आपल्या भागात अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून लोक सगळी रक्कम पतसंस्थेत टाकतात, अन् तिथं कुलूप लागलं की वर्षानुवर्षं खेटे घालतात. मी असे म्हातारे पाहिले आहेत भाऊ, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरणारे. नका टाकू.

सावकाराचं किंवा कृषी केंद्राचं उधार असेल तर ते सगळ्यात आधी फेडा. शेकडा ३ रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के झाले, एवढं कोणताच बाजार तुम्हाला खात्रीनं देणार नाही, म्हणजे ते कर्ज फेडणं हीच ३६ टक्क्यांची गुंतवणूक. पीककर्जाचं मात्र उलटं. ३ लाखापर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत शून्य टक्क्यानं पडतं, ते घाईनं बंद करू नका, फक्त तारीख चुकवू नका.

आता थांबू का लावू, हा प्रश्न. आपल्याकडं धूळपेरणी करणारे असतात, मृगाच्या आधीच कोरड्यात बी टाकतात, पाऊस वेळेवर आला तर त्यांचं पीक सगळ्यांच्या पुढं, नाही आला तर बी मातीत मेलं. बाजाराचा तळ ओळखून एकरकमी पैसा लावणं ही धूळपेरणी आहे. २००८ मधे सेन्सेक्स जानेवारीत २१ हजारावर होता, १५ हजारावर आला तेव्हा मला वाटलं स्वस्त झालं, लोकांनाही वाटलं, अन् मग तो ऑक्टोबरात ८ हजाराच्याही खाली जाऊन आला. १५ हजारावर सगळं लावलेल्याचे निम्मे झाले, अन् त्यातले कितीतरी तिथंच विकून निघून गेले ते परत आलेच नाही. पण उलट्या बाजूनं "सगळं शांत होऊ द्या" म्हणून थांबणाराही मागं राहतो, कारण बाजार शांत होतो तेव्हा तो स्वस्त राहिलेला नसतो.

मी काय करतो ते सांगतो, याच्यात काही हुशारी नाही, फक्त आधी कागदावर लिहिलेलं असतं. जो पैसा सात-दहा वर्षं लागणार नाही त्याचे तीन वाटे. एक आज लावायचा. दुसरा महिन्या-महिन्यानं. अन् तिसरा पडझडीसाठी हातात ठेवायचा, त्याला पायऱ्या ठरवून, निफ्टी (सेन्सेक्ससारखाच, पण ५० कंपन्यांचा आकडा) आपल्या उच्चांकावरून १० टक्के खाली आला की एक हप्ता, १५ ला दुसरा, २० ला तिसरा. मागचंच उदाहरण घ्या. २७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टी २६,२७७ ला टेकला. त्याच्या १० टक्के खाली म्हणजे साधारण २३,६५०, ती पायरी नोव्हेंबर २०२४ मधेच आली. १५ टक्के म्हणजे २२,३३५, ती फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी आली. मग २ एप्रिलला अमेरिकेनं टॅरिफ जाहीर केलं, ७ एप्रिलला बाजार कोसळला, निफ्टी २१,७४३ पर्यंत खाली गेला, म्हणजे वरून १७ टक्के. २० टक्क्यांची पायरी २१,०२२ ला होती, ती आलीच नाही, बाजार तिथून फिरला. ज्यांनी "२० टक्के पडू द्या मग बघू" म्हणून सगळा पैसा धरून ठेवला होता ते धरूनच बसले, अन् पायऱ्या ठरवलेल्यांचे दोन हप्ते तोवर लागून गेले होते. ७ एप्रिलच्या सकाळी टीव्ही बघून निर्णय घेणं कोणाच्याच हातून नीट होत नाही, माझ्याही नाही, म्हणून आधी लिहून ठेवायचं.

घ्यायचं काय, इथं मला जरा जास्त बोलायचंय कारण इथंच लोक फसतात.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस १०-१२ हजारांपर्यंत गेला होता, तुम्हालाही आठवत असेल. पुढच्या वर्षी त्याच भावाची वाट पाहत लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. खोलीत, ओसरीत, पलंगाखाली, पोरं कापसावरच झोपायची, अन् उन्हाळा लागला तसा घरभर अंगाला खाज सुटली, दवाखान्यात गर्दी झाली. भाव काही १० हजाराला गेला नाही, हंगाम संपता संपता ७ हजाराच्या घरात विकावा लागला. आमच्या घरीही ३० क्विंटल होता, मी स्वतः भावाला म्हटलं होतं थांब म्हणून. त्यातून दोन गोष्टी शिकलो. एक तर मागच्या भावाला धरून बसायचं नाही, तो भाव कोणी आपल्याला देणं लागत नाही. "हा शेअर ८०० चा होता, आता ३०० ला मिळते, म्हणजे स्वस्त," असं म्हणणाऱ्याच्या डोक्यात तोच १२ हजाराचा कापूस असतो. अन् दुसरी, कापूस घरात पडला की तो वाढत नाही, उलट वजन घटतं, उंदीर लागतात, आग लागायची भीती. चांगली कंपनी मात्र तुम्ही थांबलेल्या काळात काम करत असते, माल विकते, नफा कमावते, कर्ज फेडते. थांबण्यातून पैसा तेव्हाच होतो जेव्हा ज्याच्यासाठी थांबलो ते मधल्या काळात काहीतरी पिकवत असतं.

मग पडलेल्यातलं चांगलं कोणतं अन् मेलेलं कोणतं? ऑगस्टमधे उघाड पडली की दुपारच्या उन्हात सोयाबीन माना टाकतं, संध्याकाळी बघा तर उभं. अन् तुरीला मर लागली तर ती पण तशीच माना टाकते, दिसायला सारखीच, पण पाणी देऊनही वाळत जाते, खोड चिरून बघितलं तर आतून काळी रेघ. सगळा बाजार पडलाय म्हणून पडलेली कंपनी ही उन्हातलं सोयाबीन. बाजार ठीक असतानाही जी पडते तिचं खोड चिरून बघावं लागतं. कर्ज किती अन् ते वाढतंय का, पाच वर्षांत विक्री वाढली का, नफा कागदावर दिसतो पण धंद्यातून रोख पैसा खरंच येतो का, अन् मालकानं आपले शेअर गहाण ठेवलेत का. हे सगळं कंपनीच्या वार्षिक अहवालात अन् शेअर बाजाराच्या साइटवर फुकट असतं, कोणाला पैसे द्यायची गरज नाही. मी २००९ मधे रस्ते-पूल बांधणारी एक कंपनी घेतली होती, ४०० वरून ९० ला आली म्हणून, कर्ज बघितलंच नाही, मर लागलेली तूर होती ती, आज तिचा भाव चहाच्या कटाएवढाही नाही.

हे बघायला वेळ नसेल, अन् खरं सांगायचं तर हंगामात तुम्हाला नसतोच, तर सरळ निफ्टी ५० चा इंडेक्स फंड घ्या, तो निफ्टीच्या यादीतल्या पन्नासही कंपन्या थोड्या थोड्या घेतो, फार तर जोडीला एखादा फ्लेक्सी कॅप, म्हणजे लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांत लावणारा फंड. एखादी कंपनी वाळली तरी ती यादीतून बाहेर जाते, दुसरी येते. स्मॉल कॅप म्हणजे लहान कंपन्यांच्या फंडाचा मागच्या वर्षीचा परतावा दाखवून कोणी आग्रह केला तर आता नको म्हणा, ते पडतात तेव्हा निफ्टीच्या कितीतरी जास्त पडतात. अन् एक कडू गोष्टही ऐका, २००८ चा उच्चांक कायमचा मागं टाकायला निफ्टीला २०१४ उजाडलं, मधे सहा वर्षं गेली. म्हणून पोरीच्या लग्नाचा, विहिरीचा, दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा याच्यात नाहीच टाकायचा.

सोन्याचं थोडक्यात. बाजार घाबरला की सोनं बहुतेक वेळा उभं राहतं, ऑगस्ट २०२० मधे तोळा ५६ हजाराच्या आसपास होता, एप्रिल २०२५ मधे लाखावर गेला. पण २०१२ पासून २०१८ पर्यंत ते ३० हजाराच्या आजूबाजूलाच होतं हेही लक्षात ठेवा. दागिना हा घरच्या बाईचा हक्क आहे, तो गुंतवणुकीत मोजू नका, गुंतवणूक म्हणून गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखं बाजारात घेता-विकता येणारं कागदी सोनं ठीक, मजुरी-घट लागत नाही. सरकारी सुवर्णरोखे फेब्रुवारी २०२४ नंतर नवीन निघाले नाही, जुने बाजारात मिळतात. बाबा सत्तरीतले आहेत, आईही साठीच्या वर असतील तर त्यांच्या नावानं काही ठेवायचं झाल्यास पोस्टातली ज्येष्ठ नागरिकांची योजना बघा, ८.२ टक्के आहे, तिमाहीला व्याज हातात येतं.

अन् तुमच्या मित्रांचं. सेबीनं सप्टेंबर २०२४ मधे हिशेब काढला होता, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीच्या वर लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी माणशी २ लाखाच्या आसपास. तुमचे मित्र खोटं बोलत असतील असं मी म्हणत नाही, ज्या दिवशी सुटतात त्या दिवशी सांगतात. पण २ लाख म्हणजे तुमची दुबार पेरणी अन् सहा महिन्यांचं घर, एवढंच बघा. मोबाइलवर "महिन्याला ५ टक्के खात्रीनं" म्हणणाऱ्या ग्रुपमधून आजच बाहेर पडा. मोबदल्याचा पैसा आलेल्या गावात असे लोक आधी पोचतात, हे मी आमच्याच तालुक्यात पाहिलं.

एक संधी मात्र तुम्ही विचारलीच नाही अन् ती तुमच्या धुऱ्यावर आहे. तुम्ही दुसऱ्या मेसेजात लिहिलं होतं की रोही (नीलगाय) अन् डुकरं दरवर्षी दोन एकराचा हरभरा-तूर खाऊन जातात अन् बाबा रात्री जागलीला जातात. कुंपणाची तार अन् सोलर झटका मशीन धरून ८० हजार लागतील म्हणता. दरवर्षी ३०-३५ हजाराचं पीक वाचत असेल तर हा पैसा तीन हंगामात फिटला, अन् सत्तरीतल्या माणसाची जागल सुटली. याच्यापेक्षा चांगला शेअर मला माहीत नाही भाऊ.

तर माझ्या हिशेबानं २ लाख घर-हंगामाचे, ८० हजार कुंपण, ५० हजार गोल्ड ईटीएफ, तेही दोन-तीनदा करून. राहिले २ लाख ७० हजार, त्यातले ६० हजार आता इंडेक्स फंडात, दर महिन्याला १५ हजार असे आठ महिने, अन् ९० हजार लिक्विड फंडात ठेवून ३०-३० हजाराच्या त्या तीन पायऱ्या. वर्षभरात पायरी आलीच नाही तर तेही महिन्याच्या हप्त्यानं लावून टाका, वाट पाहत बसू नका. मुदत विमा अन् घरच्यांचा आरोग्य विमा नसेल तर मात्र इंडेक्स फंडाच्या आधी ते, हप्ता या ६ लाखातूनच काढा.

अन् सोयाबीन सोंगायच्या आधी, सप्टेंबरातच, आर्णीच्या बाजार समितीत जाऊन शेतमाल तारण योजना चालू आहे का अन् गोदामात जागा किती आहे ते विचारून या. माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्क्यानं सहा महिन्यांसाठी मिळतं, दिवाळी अन् हरभऱ्याचं बी त्यात निघतं. सगळं ठेवू नका, अर्धं विका अर्धं ठेवा, २०२१ मधे ऑगस्टात काही बाजारांत १० हजारावर असलेलं सोयाबीन नवीन माल आल्यावर निम्म्यावर आलं होतं. सातबारा, पेऱ्याची नोंद अन् पासबुकाची झेरॉक्स सोबत न्या, ऑक्टोबरात गेलात तर गोदाम भरलेलं असतं.